चांगुणाबायची कौलं

चांगुणाबाय मला पहिल्यांदा दिसली ती छतातून. लग्न होऊन कोपरीच्या त्या बैठ्या चाळीत येऊन मला आठवडाही झाला नव्हता. वैशाखातली दुपार होती. आमचे हे वागळे इस्टेटला कामावर गेलेले आणि मी नव्या स्टोव्हशी झटापट करत बसलेली. डोक्यावर खरखर झाली, तेव्हा मांजर असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. मग एक कौल बाजूला सरकलं, माझ्या भाताच्या पातेल्यात मूठभर माती पडली आणि वरच्या चौकोनी उजेडात एक चेहरा आला. कानांच्या पाळ्या सोन्याने ओघळलेल्या, दात मिश्रीने काळे.

"नवी सून काय गो तू?" चेहऱ्याने विचारलं. मी मान हलवली. "मंग भात झाकून ठेवावा. वर कौला हायत. आनि चा टाक, माज्या वाटनीचा पन."

एवढं बोलून कौल परत जागेवर बसलं. मी साताऱ्याकडच्या सरळमार्गी घरातली मुलगी. आमच्याकडे पाहुणे दारातून येत. मी घाबरून चहा टाकला. थोड्या वेळाने ती शिडीवरून उतरून रीतसर दारातून आली, जमिनीवर फतकल मारून बसली आणि बशीत ओतून चहा प्यायली. तेव्हा कळलं की ही आमची मालकीण. मी तिला अहो-जाहो करू लागले, तर तिने आजूबाजूला बघितलं आणि इथे आपण एकटीच असल्याचं मला सांगितलं. त्या दिवसापासून ती मला "पोरी" म्हणायची आणि मी तिला "बाय".

आमची चाळ म्हणजे आठ खोल्यांची एक ओळ आणि तिच्यावर मंगलोरी कौलांचं एकच लांबलचक छप्पर. शेवटची खोली चांगुणाबायची. दोन खोल्यांमधली भिंत माणसाच्या डोक्याच्या थोडी वरपर्यंत जाऊन थांबायची. त्याच्या वर आढ्यापर्यंत सगळं मोकळं. त्यामुळे पहिल्या घरात मिरची फोडणीत पडली की आठव्या घरात शिंका. कुणाच्या नवऱ्याला काय बोलणी बसली हे दुसऱ्या दिवशी नळावर सांगावं लागत नसे, सगळ्यांनी ऐकलेलं असायचं. घर आठ जणांचं आणि आकाश एकच, असा सगळा कारभार होता.

या छपरावर बायचा जीव होता. दरवर्षी पावसाआधी कौलं परतायची, म्हणजे एकेक कौल उचलून खालचा कचरा, पाला, चिमण्यांची काटकी-कुटकी झाडून काढायची, फुटकी बदलायची आणि पुन्हा ओळीत लावायची. बाकीचे मालक यासाठी माणसं लावत. बाय एका गड्याला हाताखाली घेऊन स्वतः चढायची. नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला, डोक्याला फडकं बांधलेलं, आणि पायात काही नाही. कौलावर मधोमध पाय पडला तर ते फुटतं, म्हणून खालच्या वाशाचा अंदाज घेत पाऊल टाकावं लागतं. तो गडी दरवर्षी तोच असायचा आणि दरवर्षी तेच ऐकायचा: "वाशावर पाय दे, मेल्या. कौलावर नको."

हातात आलेलं प्रत्येक कौल ती बोटाच्या पेराने वाजवून बघायची. खणखणीत वाजलं तर छपरावर, बद्द वाजलं तर अंगणात. डोळ्यांना न दिसणारी चीर तिला त्या आवाजात ऐकू यायची. आणि फुटकं कौल एकदा कळलं की ते बदलल्याशिवाय तिला जेवण जायचं नाही. भर पावसात, कुणाच्या घरी थेंब पडला म्हटलं की ही गोणपाटाची खोळ घेऊन वर. आम्ही म्हणायचो, बाय, उद्या बघ, आम्ही बादली लावतो. ती वरूनच म्हणायची, "गलका घर मना चालाचा नाय."

वर चढली की ती फक्त छप्पर बघून यायची असं मात्र नाही. प्रत्येक घराचं एखादं कौल उचलून आत डोकावल्याशिवाय तिचं समाधान व्हायचं नाही. कुणाचे डबे रिकामे आहेत, कुणाकडे सासू-सुनेने वेगवेगळ्या कोपऱ्यांत तोंड करून भाजी निवडायला घेतली आहे, कोण दुपारचं झोपतंय, सगळं तिला ठाऊक असायचं. मला सुरुवातीला याचा फार राग यायचा. एकदा मी धीर करून म्हटलं, की बाय, दाराला कडी असते ती कशासाठी? तिला जराही वाईट वाटलं नाही. म्हणाली, "घराला वरून बगावा गो. खालून समदेच बगतान."

तिच्या या वरून बघण्याचा अर्थ मला दुसऱ्या वर्षी कळला. माझं पहिलं गरोदरपण पुरं झालं नाही. चौथ्या महिन्यातच सगळं संपलं. मी दवाखान्यातून घरी आले, कुणाला काही सांगितलं नाही, ह्यांना जबरदस्तीने कामावर पाठवलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. रडायचीही चोरी होती, कारण वरून सगळं मोकळं. पदराचा बोळा तोंडात धरून मी पडले होते. डोक्यावर कौल सरकलं. बायचा चेहरा दिसला. थंड पडलेला स्टोव्ह तिने पाहिला, मला पाहिलं, आणि कौल लावून टाकलं.

थोड्या वेळाने पलीकडच्या खोलीत रेडिओ लागला. मग त्याच्या पलीकडे. मग एकेक करत सगळ्या चाळीत, प्रत्येक घरी वेगळं स्टेशन आणि आवाज पार वर चढवलेला. कुणाचं कीर्तन, कुणाची हिंदी गाणी, कुणाच्या बातम्या, नुसता गोंगाट. तेवढ्यात बाय तांदळाच्या पेजेची वाटी घेऊन दारातून आत आली, माझ्या उशाशी बसली आणि म्हणाली, "आता ररून घे पोरी. कोनाला जात नाय ऐकू."

ती दारोदार फिरून रेडिओ लावायला सांगून आली होती, आणि का ते कुणालाच सांगितलं नव्हतं. मी त्या दिवशी तिच्या मांडीवर डोकं ठेवून मोठ्याने रडले. पुढे मला दोन मुलं झाली, दोघंही तिच्या हाताखाली वाढली. पण माझ्या आईनंतर मी आई कुणाला म्हटलं असेल तर ते त्या दुपारी, मनातल्या मनात, तिला.

चाळीतल्या सावंतांनी एकदा तिच्या माघारी बंड केलं. चैत्रात ती एकवीरेला कार्ल्याला गेली होती. त्या दोन दिवसांत त्यांनी आपल्या खोलीवरची कौलं उतरवून सिमेंटचे पत्रे घातले. दरवर्षीची कटकट नको, असं त्यांचं म्हणणं. आता महाभारत होणार म्हणून आम्ही सगळ्या दारात उभ्या. बाय आली, वर पाहिलं, हातपाय धुतले आणि ऐन दुपारी सावंतांकडे जाऊन बसली. देवीचा प्रसाद दिला. गाव, नातेवाईक, आंबे, सगळ्यांची चौकशी केली. सावंत घामाने निथळत होते, उठायची सोय नव्हती कारण मालकीण गप्पा मारत होती. सूर्य उतरेपर्यंत ती तिथून हलली नाही. निघताना तिने एवढंच विचारलं, की सावंत, भट्टी बरी हाय न? त्या आठवड्यात पत्रे उतरले.

हा हट्ट कुठून आला होता ते तिने मला एकदा सांगितलं. कौलं परतून झाल्यावर आम्ही तिच्या ओट्यावर बसलो होतो. ती लग्न होऊन आली तेव्हा सासरच्या घरावर गवताचं शाकार होतं. नवरा मिठागरावर कामाला. मग कौलं घ्यायची ठरली. कौलं खाडीतून होडीने यायची, आणि ही नवी नवरी बंदरावरून ती डोक्यावर वाहून आणायची. मान दुखायची, पण प्रत्येक खेपेला घरावरचा लाल रंग थोडा वाढलेला दिसायचा, त्यामुळे तिला मजा वाटायची. पुढे त्याच कौलांना जोड देत देत त्यांनी ही चाळ उभी केली.

मग तिने नवऱ्याचं सांगितलं. तिचा मुलगा जनार्दन तेव्हा शाळेतही जात नव्हता. नवरा तापाने अंथरुणाला खिळला आणि शेवटी दोन दिवस नुसताच अडकून राहिला. धड जगेना, धड जाईना. जीव असा अडकला की माणसाच्या बरोब्बर वरचं कौल सरकवतात, त्याला वाट मोकळी करून देतात, अशी त्यांच्यातली रीत. गावातला कुणी पुरुष वर चढायला धजेना. मग हीच चढली. पहिल्यांदाच. कौल सरकवून तिने खाली पाहिलं, त्यानेही वर पाहिलं, आणि तो गेला. त्यानंतर दरवर्षी कौलं परतायला तिने दुसऱ्या कुणाला एकट्याला पाठवलं नाही.

"माज्यावर पन कौल पायजे पोरी," ती म्हणाली. "स्लॅपातून जीव कसा जावाचा? कोंडून मरन मी."

तेव्हा मी हसून विषय बदलला. पण हे तिने मला एकटीलाच सांगितलं नव्हतं. जनार्दनला तर लहानपणापासून ती हेच सांगत आली होती, आणि तो मोठा झाला तसा याला वैतागत आला होता. जनार्दन वाईट माणूस नव्हे. मनाने आईवरच गेलेला, फक्त उंचीला घाबरायचा. आई वर चढली की हा घरात जाऊन टीव्ही लावून बसायचा. त्याने चाळीच्या बाजूच्या मोकळ्या जागेत बिल्डिंग उभी केली, चौथ्या मजल्यावर आईसाठी हवेशीर खोली केली, पंखा, एसी, सगळं. बाय दिवसा तिथे जेवायची आणि झोपायला आपल्या खोलीत परत यायची. विचारलं तर म्हणायची, तिथे पंख्याखाली झोपलं की छताला काही बघायलाच नाही.

गुडघे गेले तेव्हा जनार्दनने तिची शिडी उचलून बिल्डिंगच्या मीटररूममध्ये ठेवली आणि कुलूप लावलं. त्या वर्षीपासून बाय अंगणात खुर्ची टाकून वरच्या माणसांवर ओरडायची. कौल खाली आणायला लावून स्वतः वाजवून बघायची. आवाज तसाच कडक होता, फक्त तो आता खालून वर जायचा. ते बघताना मला वाईट वाटायचं.

मग चाळ पाडायचा विषय निघाला. खरं सांगायचं तर आम्हा भाडेकरूंना ते हवंच होतं. मुलं मोठी झालेली, संडासासाठी रांग लावायचा सगळ्यांना कंटाळा आलेला. जनार्दन प्रत्येकाला नव्या बिल्डिंगमध्ये घर देणार होता आणि त्याने शब्द पाळलाही. फक्त जागा बायच्या नावावर होती आणि ती अंगठा देईना. महिनाभर ती कुणाशी नीट बोलली नाही. एक दिवस मात्र माझ्या दारात आली तेव्हा माझी सून बादली घेऊन सार्वजनिक मोरीकडे निघाली होती, पोटात सातवा महिना. बायने तिला जाताना पाहिलं, येताना पाहिलं. दुसऱ्या दिवशी तिने जनार्दनला बोलावून अंगठा दिला. अट एकच: बाकीची चाळ उतरवा, तिची खोली सगळ्यांत शेवटी. ती असेपर्यंत नाही. जनार्दनने आईच्या पायाला हात लावून कबूल केलं.

गेल्या चैत्रात आम्ही सगळे नव्या घरांत राहायला गेलो आणि कामगारांनी पहिल्या खोलीकडून कौलं उतरवायला घेतली. त्याच सुमाराला बायने अंथरूण धरलं. जनार्दनने तिला वर चौथ्या मजल्यावर नेलं. तेही बरोबरच होतं. डॉक्टर यायचे, सलाईन लागायचं, जनार्दनची बायको सुरेखा रात्रंदिवस जवळ. डॉक्टरांनी सांगितलं की वय झालंय, आता त्रास देऊ नका. पण ती जाईना. जेवण नाही, बोलणं नाही, डोळे उघडे आणि नजर त्या पांढऱ्या छताला खिळलेली. मी रोज तिच्याजवळ जाऊन बसायचे. एकदा मी तिचा हात हातात घेतला तर तिचं बोट माझ्या मनगटावर हळूच आपटत होतं, कौल वाजवतात तसं. मी बाहेर येऊन गॅलरीत रडले. इथे कुणाला रेडिओ लावायला सांगावं लागत नव्हतं, भिंती छतापर्यंत होत्या.

जनार्दन माझ्या मागोमाग आला. त्याने खाली चाळीकडे पाहिलं. अर्ध्याहून जास्त छप्पर उघडं झालं होतं, नुसते वासे दिसत होते. बायच्या खोलीवर आणि तिच्या शेजारच्या खोलीवर तेवढी कौलं उरली होती.

"काकी, आय अटकलीय," तो म्हणाला. "तिला खाली नेतो."

लिफ्टमध्ये खाट मावत नव्हती. खुर्चीवर बसवून, चादरीने बांधून, चार जणांनी तिला जिन्याने उतरवलं. सुरेखाने आधी जाऊन खोली झाडून, सारवल्यासारखी पुसून ठेवली होती. बायला तिच्या जुन्या खाटेवर निजवलं. आढ्याजवळच्या काचेच्या कौलातून पडणारा उन्हाचा कवडसा नेहमीसारखा जमिनीवर होता. तिने डोळे मिटले. आळीतल्या म्हाताऱ्या बायका दाराशी जमल्या होत्या. त्यातल्या एकीने दबक्या आवाजात म्हटलं, की आता कौल काढा. कामगारांतला एक जण पुढे झाला. जनार्दनने त्याला थांबवलं, मीटररूमचं कुलूप काढलं, आईची शिडी आणली आणि स्वतः चढला.

आम्ही आत उभ्या होतो. पन्नाशी उलटलेला, जाडजूड माणूस, आयुष्यात पहिल्यांदा छपरावर. एकेक पाऊल टाकताना त्याचा श्वास आम्हाला खाली ऐकू येत होता. मग वर कट् असा आवाज झाला, आणि चार दिवस ज्या तोंडातून शब्द फुटला नव्हता ते तोंड उघडलं.

"वाशावर पाय दे, मेल्या."

वर जनार्दन जागच्या जागी थांबला. मग त्याने पाय सावकाश सरकवला आणि आईच्या बरोब्बर वरचं कौल उचललं. उजेडाचा चौकोन तिच्या तोंडावर पडला, थोडी माती पडली. तिने डोळे किलकिले करून वर पाहिलं. मुलाचा चेहरा ओळखायला तिला जरा वेळ लागला.

"जनू? तू कनाला चरलास?" ती म्हणाली. "लाव तो कौल. धूल परते."

त्याने कौल परत बसवलं. ते जरा आपटलंच. बाय ऐकत होती. तिचं ते ऐकणं मला चांगलं माहीत होतं, म्हणून मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"फुटला न?"

"नाय गो आये," वरून आवाज आला.

"बद्द वाजला."

मला वाटलं आता ही त्याला खाली बोलावणार, दुसरं कौल आणायला लावणार, अंगणातून निवडून, वाजवून. इतक्या वर्षांत मी दुसरं काही पाहिलंच नव्हतं. पण ती छताकडे बघत इतक्या मऊ आवाजात बोलली की जनार्दनला ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

"रावू दे जनू. पाऊस येल तवर मी नाय."

मग तिने चहा मागितला. दोन चमचे प्यायली. तिसऱ्या दिवशी सकाळी, सुरेखा तिचे केस विंचरत असताना, ती गेली. कौल सरकवावं लागलं नाही. वाट तिला ठाऊक होती, फक्त ती वाट ज्या घरातून जाते त्या घरात तिला न्यायला हवं होतं.

तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी कामगार उरलेलं छप्पर उतरवायला आले. मी गॅलरीत उभी होते, बघवणार नाही हे माहीत असूनही. अंगणात जनार्दन उतरवलेल्या कौलांच्या थप्पीपाशी उकिडवा बसला होता. एकेक कौल उचलून बोटाच्या पेराने वाजवत होता, कान जवळ नेत होता, बाजूला ठेवत होता. शेवटी एक त्याच्या मनाला आलं. ते काखेत धरून तो शिडीने वर गेला, आईच्या खाटेवरचं फुटकं कौल काढलं आणि हे नवं तिथे बसवलं. हाताने दाबून बघितलं.

खालून मुकादमाने विचारलं, "शेठ, हे तर आताच काढायचंय ना?"

"काढ की," जनार्दन म्हणाला. "पन गलका नाय काढाचा. आयचा घर हाय."

मग वाशांचा अंदाज घेत, एकेक पाऊल टाकत तो कडेपर्यंत आला, शिडीवरून खाली उतरला, हात झटकले आणि माणसांना वर जायला सांगितलं.